विधानसभेचे चाळीस लाख आणि उधारीची दुसरी वही

प्रश्न असा आला आहे: "विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांच्या वर खर्च करता येत नाही म्हणतात. मग आम्हाला डोळ्यांनी दिसतो तो खर्च कुठल्या वहीत लिहितात? पैसा येतो कुठून, आणि देणाऱ्याला नंतर नेमकं काय मिळतं?"

मी सीए आहे. गेली वीसेक वर्षं विधानसभेच्या उमेदवारांचे खर्चाचे हिशेब लिहितोय. त्यात निवडून आलेले आहेत, पडलेले आहेत आणि अनामत गमावलेले अपक्षही आहेत. कुणाचं नाव घेणार नाही, पण काम कसं चालतं ते जसं आहे तसं सांगतो.

आधी वहीबद्दल. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराचा हिशेब अर्ज भरल्याच्या दिवशी सुरू होतो आणि निकालाच्या दिवशी संपतो. २०२४ च्या विधानसभेला अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर होती आणि निकाल लागला २३ नोव्हेंबरला. म्हणजे शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याचा हिशेब मोजून २६ दिवसांचा. त्याआधीची दोन-तीन वर्षं भाऊंनी दहीहंडी केली, महाआरोग्य शिबिर भरवलं, देवदर्शनाच्या बसगाड्या सोडल्या, दिवाळीला घरोघर उटणं-सुगंधी तेलाची पाकिटं वाटली, ते सगळं वहीच्या बाहेर. आधी छापून ठेवलेला माल प्रचारात वापरला तर तो धरावा लागतो. पण आधी मिळवलेलं मन धरायला वहीत रकाना नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या तारखांतच आहे.

मर्यादा मात्र खरीच आहे. २०१९ ला २८ लाख होती, जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत ४० लाख झाली. उमेदवाराने अर्जाच्या किमान एक दिवस आधी वेगळं बँक खातं काढायचं आणि सगळा व्यवहार त्यातूनच करायचा. एका माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत मिळून १० हजारांच्या वर रोख द्यायची नाही. निवडणूक कार्यालयातून जी नोंदवही मिळते तिची पानं तीन रंगांची असतात: रोजच्या खर्चाला पांढरी, रोकडीला गुलाबी, बँकेला पिवळी. प्रचाराच्या काळात ती तीनदा तपासणीला न्यावी लागते. समोर खर्च निरीक्षकाच्या माणसांकडे त्यांची स्वतःची वही असते, तिला आम्ही 'शॅडो रजिस्टर' म्हणतो. त्यांचं व्हिडिओ पथक तुमच्या सभेत फिरून खुर्च्या, झेंडे, गाड्या मोजतं आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाने गुणाकार करून ठेवतं.

हे दरपत्रक फार करमणुकीचं प्रकरण आहे. निवडणुकीआधी जिल्हाधिकारी कार्यालयात सगळ्या पक्षांना बोलावून दर ठरवतात. कटिंग चहा, वडापाव, शाकाहारी थाळी, उपरणं, फेटा, हलगीवाला, ढोल पथक, जनरेटर, सगळ्याचे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या बैठकीत एकजुटीने भांडतात, कारण वड्याचा दर दोन रुपयांनी खाली आला तर फायदा सगळ्यांचाच.

एक प्रसंग सांगतो. आमच्या उमेदवाराची पदयात्रा एका गावात शिरली. वेशीवर क्रेनला लटकवलेला, माणसाच्या उंचीच्या तिप्पट फुलांचा हार आणि दोन जेसीबींच्या बकेटमधून पाकळ्यांचा वर्षाव. तिसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची नोटीस: हा खर्च वहीत नाही, ४८ तासांत खुलासा करा. मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, गावकऱ्यांनी प्रेमानं केलंय." मी म्हटलं, प्रेमानं केलं असेल तर दोन अडचणी आहेत. तुमच्या संमतीने केलं तर तो तुमचा खर्च. संमतीशिवाय केलं तर करणाऱ्यावर गुन्हा, कारण उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारावर पैसे घालणं जुन्या दंड संहितेच्या कलम १७१-एच खाली गुन्हाच होता आणि नव्या न्याय संहितेतही तरतूद आहे. त्या जुन्या कलमात सूट होती ती दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला, तीही दहा दिवसांत उमेदवाराची मंजुरी आणली तर. दहा रुपयांत त्या हारातली पाकळी आली नसती.

शेवटी तो खर्च आम्ही धरला. त्यासाठी हार कुणी दिला याचा शोध घेतला, बिल तर हवं ना. फूलवाल्याचे पैसे आणि क्रेन-जेसीबीचं भाडं, दोन्ही रस्त्यांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराने दिलं होतं. त्याला मी फोन केला तेव्हा तो जवळजवळ दुखावला. "बिल कसलं मागताय? आमचं दादांचं काय ते नंतर बघू."

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर या 'नंतर बघू'मध्ये आहे. बाहेरच्यांना वाटतं, निवडणुकीतला पैसा म्हणजे खोकी आणि पेट्या, रात्री निघणाऱ्या गाड्या, शेवटच्या दोन दिवसांचं 'लक्ष्मीदर्शन'. ते असतं. त्यासाठी भरारी पथकं आणि नाक्यांवरची स्थिर पथकं नेमलेली असतात आणि त्यांच्या हाती काही लागतंही. पण मी पाहिलेल्या प्रचारांत नोटांपेक्षा जास्त चाललं ते उधारीवर. मंडपवाला, फ्लेक्सवाला, पेट्रोल पंप, गाड्या पुरवणारा, भोजनाचं कंत्राट घेणारा, सगळे उधार देतात. कायदा सांगतो की उधारीही खर्चच आहे आणि हिशेबात 'देणे बाकी' म्हणून दाखवा. आम्ही दाखवतो, पण दाखवण्याजोगी तेवढीच. बाकीची दुसऱ्या वहीत, आणि ती वही बहुतेक वेळा कागदाची नसते.

उमेदवार पडला की मंडपवाला बुडतो. मी असे दोन मंडपवाले ओळखतो ज्यांनी धंदा सोडला. उमेदवार निवडून आला की उधारी मागितली जात नाही. ती वळती होते. कुणाला शाळेच्या आवारभिंतीचं काम, कुणाला टँकरचं कंत्राट, कुणाच्या भाच्याची बदली. टक्केवारीची चर्चा आपल्याकडे कामाच्या वेळी होते, पण तिचा पहिला हप्ता पुष्कळदा प्रचारात, खुर्च्यांच्या रूपाने भरलेला असतो.

हे झालं तालुक्याच्या पातळीचं. मोठा पैसा वेगळ्या दाराने येतो, कारण ४० लाखांची मर्यादा फक्त उमेदवाराला आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात १९७४ मध्ये म्हटलं होतं की उमेदवाराच्या माहितीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच नावावर धरायचा. सरकारने काही आठवड्यांतच वटहुकूम काढून पक्षाच्या खर्चाला उमेदवाराच्या हिशेबातून सूट दिली. २००३ मध्ये ती सूट बरीचशी मागे घेतली गेली, पण दोन मोकळ्या जागा राहिल्या: पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास. मान्यताप्राप्त पक्षाला ४० स्टार प्रचारक मिळतात. त्यांचं हेलिकॉप्टर पक्षाच्या खात्यात. पण उमेदवार व्यासपीठावर शेजारी उभा राहिला, किंवा त्याचा फोटो फ्लेक्सवर आला, की सभेचा खर्च त्याच्या डोक्यावर. म्हणून मोठ्या नेत्याची सभा लागली की उमेदवाराला आनंद होतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. मैदान, मंडप, एलईडी पडदे, सगळं मिळून एका संध्याकाळी वहीचा मोठा घास जातो. तीन-चार मतदारसंघांची सभा एकत्र घेऊन खर्च वाटून घ्यायची पद्धत त्यातूनच पडली.

गोपीनाथ मुंडे यांनी जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका कार्यक्रमात जाहीर सांगून टाकलं की २००९ च्या लोकसभेला आपला ८ कोटी खर्च झाला. त्या वेळी मर्यादा २५ लाख होती. निवडणूक आयोगाने नोटीस काढली. आमच्या व्यवसायात त्या आठवड्यात सगळे एकमेकांना एवढंच म्हणत होते की खोटं बोलल्याची नोटीस कुणाला येत नाही, खरं बोलल्याची येते. पेड न्यूजबद्दलही, म्हणजे पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलेल्या प्रचाराबद्दलही थोडक्यात. अशोक चव्हाण यांच्या २००९ च्या भोकरच्या निवडणुकीवरून आयोगाने २०१४ मध्ये नोटीस दिली, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव मात्र २०११ मध्ये याच कारणावरून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०-ए खाली तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. एरवी या कलमाखाली अपात्र ठरणारे बहुतेक जण छोटे पडलेले उमेदवार असतात. त्यांनी जास्त खर्च केलेला नसतो, तीस दिवसांत हिशेबच दिलेला नसतो. एका अपक्षाने मला विचारलं होतं, "मी खर्चच केला नाही, तर हिशेब कसला देऊ?" शून्याचाही हिशेब द्यावा लागतो, हे त्याला अपात्र ठरल्यावर कळलं.

आता पक्षाकडे पैसा येतो कसा. इथे मुंबईचाच एक जुना निकाल आठवतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या संस्थापन-पत्रात बदल करायचा होता. १९५७ मध्ये मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, कारण कायद्यात मनाई नव्हती, पण हा धोका लोकशाहीला गिळू शकतो अशा अर्थाचा इशारा निकालातच दिला आणि संसदेने लक्ष घालावं असं सुचवलं. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. माझ्या मते आपल्या निवडणूक-पैशाच्या इतिहासातली ती सर्वांत महागडी चूक. परवाना राज होतं, सिमेंटपासून साखरेपर्यंत सगळं सरकारच्या हातात, म्हणजे कंपन्यांना देण्याची गरज होतीच. चेकने देता येईना म्हणून रोखीने द्यायला लागल्या. १९८५ मध्ये बंदी उठली, सवय उठली नाही.

बंदीच्या त्या काळात काय होत होतं याचा आपल्या राज्यातला सर्वांत ठळक दाखला म्हणजे अंतुले प्रकरण. सिमेंट नियंत्रणाखाली होतं, बिल्डरांना कोट्याशिवाय मिळत नव्हतं. मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला बिल्डरांकडून देणग्या आल्या. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंटचं वाटप यांचा संबंध असल्याचा निष्कर्ष काढला आणि अंतुल्यांना पद सोडावं लागलं. खटले पुढे वर्षानुवर्षं चालले, आणि अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले. मला त्या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. तिथे देणगीची पावती होती! तारीख होती, चेक होता, म्हणून कोट्याची तारीख शेजारी ठेवून बघता आली.

निवडणूक रोखे बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे आणि देणाऱ्याचं नाव जाहीर व्हायचं नाही, म्हणजे त्यांनी नेमकं तेच काढून घेतलं होतं. २०१७ च्या वित्त कायद्याने वाट केली, जानेवारी २०१८ मध्ये योजना आली. कंपनीच्या देणगीवरची आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा त्याच फटक्यात गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही देणगी द्यायला मोकळी झाली. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने योजना घटनाबाह्य ठरवली आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. सर्वांत मोठी खरेदीदार निघाली फ्यूचर गेमिंग ही लॉटरीच्या धंद्यातली कंपनी, १,३६८ कोटी. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, ९६६ कोटी. लॉटरी चालू द्यायची की नाही हे प्रत्येक राज्य ठरवतं, त्यामुळे राज्यांत सत्तेवर असलेल्या प्रादेशिक पक्षांकडे एवढा पैसा का गेला याचा अंदाज लोकांनी लगेच बांधला. पण घाई करू नका. याच कंपनीने ५०० कोटींच्या वर द्रमुकला दिले, आणि तमिळनाडूत लॉटरीला २००३ पासून बंदी आहे, ती द्रमुकच्या राजवटीतही उठली नाही. देणगी म्हणजे दरवेळी एका कामाची किंमत नसते. कधी ती दार उघडं राहावं म्हणून असते, कधी कुणी त्रास देऊ नये म्हणून. देणाऱ्यांशी बोलताना मला दुसरं कारण जास्त ऐकू आलं आहे.

सध्या पैसा मुख्यतः थेट चेकने आणि इलेक्टोरल ट्रस्टमधून, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमधून जातो. ट्रस्टने वर्षात आलेल्या देणग्यांपैकी ९५ टक्के रक्कम त्याच वर्षी पक्षांना द्यायची असते. २० हजारांच्या वरच्या देणगीदारांची यादी पक्ष आयोगाला देतात, ती संकेतस्थळावर दिसते. २०१७ पासून पक्षाला एका माणसाकडून २ हजारांच्या वर रोख घेता येत नाही. एकोणीसशे नव्याण्णव रुपयांच्या पावत्या कशा फाडतात हे मी इथे शिकवत बसत नाही.

आता लॉबिंग, म्हणजे सरकारचा निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून केलेली खटपट. अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करावी लागते, किती पैसे खर्च केले ते जाहीर करावं लागतं. २०१२ मध्ये वॉलमार्टने तिथल्या नियमाप्रमाणे भरलेल्या माहितीत भारतातल्या गुंतवणुकीचा विषय निघाला आणि आपल्या संसदेत गदारोळ झाला. चौकशीला न्या. मुकुल मुद्गल यांची समिती नेमली गेली. गंमत अशी की आपल्याला ते कळलं तेच तिथे नोंद होती म्हणून. आपल्याकडे लॉबिंगचा कायदाच नाही, म्हणजे ते बेकायदाही नाही आणि नोंदवलेलंही नाही. मंत्रालयात त्याला कुणी लॉबिंग म्हणत नाही. 'निवेदन दिलं', 'शिष्टमंडळ भेटलं', 'साहेबांच्या कानावर घातलं', 'शब्द टाकला', एवढीच भाषा.

त्यातलं पुष्कळसं रास्तच असतं. व्यापारी महासंघ, डॉक्टरांची संघटना, ऊस उत्पादक, सगळ्यांनी जाऊन आपली बाजू मांडलीच पाहिजे. माझा आक्षेप भेटीला नाही, भेटीची नोंद नसण्याला आहे. आणि राज्याच्या पातळीवर हे जास्त बोचतं, कारण पैशाचं मोल बदलणारे निर्णय इथेच होतात: जमिनीवरचं आरक्षण उठवणं, चटईक्षेत्र (एफएसआय) वाढवणं, मद्याचे परवाने, वाळूचे लिलाव. यातले बरेच विधानसभेत येतच नाहीत, शासन निर्णयाने किंवा अधिसूचनेने होतात. निविदा तर वाचायची सवयच लावून घ्या. 'मागील तीन वर्षांत अमुक क्षमतेचं काम केल्याचा अनुभव' अशी अट दिसली आणि ती पुरी करणारा जिल्ह्यात एकच निघाला, तर ती ओळ कुणीतरी सुचवली आहे एवढं समजा. पुरावा म्हणून मात्र ते कुठे चालत नाही.

तुम्ही स्वतः काय बघू शकता ते सांगतो, कारण नुसतं हळहळून उपयोग नाही. निवडणूक नियम, १९६१ च्या नियम ८८ प्रमाणे कुठल्याही उमेदवाराचा दाखल हिशेब एक रुपया फी भरून कुणालाही पाहता येतो. एक रुपया! वीस वर्षांत माझ्या उमेदवारांचे हिशेब बघायला पत्रकार सोडून फारसं कुणी आलेलं मला आठवत नाही. जिल्हा निवडणूक कार्यालयात जा. एकूण आकडा बघू नका, तो मर्यादेच्या आत असणारच, ते आमचं कामच आहे. पिवळी पानं उघडा आणि पैसे कुणाकडून आले ते वाचा: पक्षाने किती दिले, कर्ज कुणाचं, देणगी कुणाची. मग 'देणे बाकी'ची नावं उतरवून घ्या. पत्रकांवर मुद्रकाचं नाव छापणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-ए प्रमाणे बंधनकारक आहे, तेही टिपा. तुमच्याकडे दहा-पंधरा नावं जमतील.

त्यानंतर दोन वर्षं थांबा. सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषदेच्या कार्यारंभ आदेशांची माहिती माहितीच्या अधिकारात मागा. विकास आराखड्यात बदल करायचा तर नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली हरकती मागवणारी सूचना निघते, ती राजपत्रात येते. जमिनीचा गट नंबर आणि मालक बघा. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. नाव जुळलं म्हणजे गुन्हा झाला असं होत नाही, गावात काम करणारे ठेकेदार मोजकेच असतात. पण माझ्या त्या फुलांच्या हाराच्या ठेकेदाराचं नाव असं शोधायला गेलात तर ते सहज सापडणार नाही, हेही सांगून ठेवतो. त्याने बिल दिलंच नाही. वहीत तो खर्च आम्ही दरपत्रकाच्या भावाने लावला आणि समोर लिहिलं: "हार व यंत्रभाडे, अंदाजित."